एका वॉल्ट्झपुरती वीज

"वीज म्हणजे पाणी हो, व्याहीबुवा!" एलिहियो कांतू फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडला की फोन नसता तरी ते अर्जेंटिनात ऐकू गेलं असतं. "पाइप कुठलाही असो, तोटी बसली की धार लागते. तुम्ही फक्त पेटी घेऊन या. बाकी सगळं माझ्यावर सोडा!"

आणि व्याहीबुवांनी, म्हणजे अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरच्या अल्सिदेस यांनी, खरोखरच सगळं त्याच्यावर सोडलं. इथून पुढची सगळी शोभा त्या एका वाक्याची.

एलिहियोचं बोलणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. उभा जन्म त्यानं मोंतेरेतल्या खिडक्यांतले एसी दुरुस्त करण्यात घालवला होता. जिथं उन्हाळ्यात गावाबाहेरचा खोगिराच्या आकाराचा डोंगरसुद्धा घामाघूम होऊन बसतो, तिथं एसीवाल्याला डॉक्टरपेक्षा जास्त मान असतो. डॉक्टर उद्या आला तरी चालतो! पण एलिहियोच्या अंगी आणखी एक गुण होता. मोंतेरेच्या माणसाचा हात आखडता असतो, असं बाकीचा मेक्सिको म्हणतो. हे साफ खोटं आहे. हात आखडता नसतो, फक्त मूठ उघडत नाही.

तर लेकीच्या, ब्रिसेइदाच्या लग्नासाठी शेजारच्या बाल्दोमेरोचे अकॉर्डियनवाले ठरले होते. नवऱ्या मुलाचे वडील अल्सिदेस स्वतः इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवतात, आणि तो ऑर्गन घेऊनच ते येणार आहेत, हे कळलं मात्र, एलिहियोनं बाल्दोमेरोला जाऊन सांगितलं, "घरचे व्याही वाजवणार म्हटल्यावर परक्यांना कशाला तसदी?" बाल्दोमेरोनं तसदी घेतली नाही. त्यानं त्याच दिवसाचं साल्तियो गावातलं लग्न घेतलं.

"आणि ते यंत्र बंद पडलं तर?" बायकोनं, तोमासानं, पोळी लाटता लाटता विचारलं.

"यंत्र बंद पडायला मी मेलोय का?"

"मेलात तर उलट बरं, लोक गाण्याचं विचारणार तरी नाहीत. पण तुम्ही जिवंत आहात आणि माझी पोर मुक्या हॉलमध्ये नाचतेय, असं झालं ना, तर मी तुम्हाला ओळख देणार नाही. तिला लहानपणापासून आपल्या लग्नात तो गिरक्यांचा वॉल्ट्झ नाचायचाय. आधी नवऱ्याबरोबर, मग तुमच्याबरोबर. कळलं?"

"कळलं, कळलं."

लग्नाच्या आदल्या दिवशी व्याही आले. रोसारियोत तेव्हा ऐन थंडी होती, म्हणून अंगात जाड लोकरी सूट. विमानतळाच्या दारातून बाहेर पडताच त्यांचा चेहरा तव्यावर टाकलेल्या अंड्यासारखा झाला. मागून चौघांनी उचललेली पेटी, घोंगडीत गुंडाळलेली.

"ही एर्सिलिया," अल्सिदेस हळुवारपणे म्हणाले. "माझ्या मावशीचं नाव ठेवलंय. मावशीही कळ दाबल्याशिवाय बोलायची नाही, आणि बोलायला लागली की थांबायची नाही."

एर्सिलियाच्या पोटात टेपा होत्या. कळ दाबली की मोटर टेप फिरवायची, आणि टेपेवर भरून ठेवलेला आख्खा वाद्यवृंद वाजायचा. व्हायोलिनं, ढोल, सगळं.

"घरी एकदा लावून बघू या का?" अल्सिदेसनी विचारलं.

"छे! घरी माझा मीटर पळतो. हॉलवर हॉलवाल्याचा पळेल. उद्या तिथंच बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चमधलं लग्न आटोपलं. नवरा-नवरी फोटो काढायला कारंज्याकडे गेली, तोमासा त्यांच्या मागे झगा उचलायला गेली, आणि दोघे व्याही सरळ हॉलवर आले. बाहेर बेचाळीस डिग्री. चिमण्या उडत नव्हत्या, चालत होत्या.

अल्सिदेसनी घोंगडी सोडली, एर्सिलियावरून रुमाल फिरवला आणि बॅगेत हात घातला. हात बॅगेतच राहिला. मग दुसरा हात घातला. मग डोकं घातलं.

"काय झालं, व्याहीबुवा?"

"वायर."

"कुठली वायर?"

"हिची. भिंतीतून हिच्या पोटात जाते ती."

बॅग उलटी झाली. लोकरी मोजे निघाले, तिकडच्या माते नावाच्या चहाचा थर्मास निघाला, तोमासानं दिलेल्या बेदाणे घातलेल्या तीन वड्या निघाल्या. वायर निघाली नाही. अल्सिदेसनी रोसारियोच्या शेजारणीला फोन लावला. तिच्याकडे घराची किल्ली होती. ती चपला फटफटवत गेल्याचं इकडे ऐकू आलं.

"आहे की!" शेजारीण आनंदानं ओरडली. "भिंतीलाच लटकतेय बिचारी. काढून ठेवू का? उगाच वीज खात असेल."

अल्सिदेस खुर्चीत बसले. एलिहियोनं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"बरंच झालं राहिली ती! तुमच्याकडच्या प्लगचे पाय फेंगडे असतात. इथल्या भोकात गेलेच नसते. थांबा, बघू दे तोंड." त्यानं वाकून एर्सिलियाच्या पाठीतलं तीन दातांचं भोक न्याहाळलं. "हे तोंड मी कुठंतरी पाहिलंय... राजमा!"

"काय?"

"राजमा, राजमा! आलोच!"

हॉलच्या स्वयंपाकघरात तोमासानं पहाटेपासून शिजवलेला राजमा विजेच्या मोठ्या भांड्यात गरम राहावा म्हणून ठेवला होता. एलिहियोनं भांड्याची वायर उपसली, सदऱ्याखाली खुपसली आणि कोंबडीचोरासारखा भिंतीभिंतीनं परत आला. वायर एर्सिलियाच्या पाठीत अशी बसली, जणू तिच्यासाठीच जन्मली होती!

"तोटी बसली की धार लागते, काय म्हणालो होतो?" एलिहियोनं दुसरं टोक भिंतीत खोचलं.

एर्सिलियाचा दिवा आजारी काजव्यासारखा लुकलुकला. पोटातून एक कण्हणं आलं, बाळंतिणीसारखं. टेप हलली नाही.

"तुमची वीज अशक्त आहे," अल्सिदेस म्हणाले.

"आमची वीज? अहो, आमच्या विजेवर आख्खं मोंतेरे चालतं!"

एलिहियोनं पेटीच्या मागची धूळ अंगठ्यानं पुसली. खाली आकडा होता. दोनशेवीस.

"व्याहीबुवा, ही दोनशेवीसची आहे. भिंतीत एकशेसत्तावीस येते."

"मला काय ठाऊक? मला वाटलं, जगात सगळीकडे दोनशेवीसच असते."

"एवढी पेटी विमानात घालताना कुणाला विचारायचं तरी!"

"विचारलं ना! तुम्हालाच विचारलं! तुम्ही म्हणालात, वीज म्हणजे पाणी!"

एलिहियोनं लगेच पाठ फिरवली. तो ओळखीच्या विजेच्या दुकानदाराला फोन लावायला गेला. दुकानदार म्हणाला, ट्रान्सफॉर्मर आहे की, दाढीच्या यंत्राचा, मुठीएवढा. ऑर्गनला लावलात तर लाह्या फुटतील. मोठा हवा असेल तर सोमवारी या.

सोमवारी! बाहेर गाड्यांची दारं आपटू लागली होती. पाहुणे आत येत होते, आणि प्रत्येक जण दारातून शिरताच डोळे मिटून "आहाऽ" म्हणत होता. आहा कशाला? तर हॉलमध्ये एसी होता म्हणून.

एलिहियोनं एसीकडे बघितलं. अल्सिदेसनी एलिहियोकडे बघितलं.

"तो कितीवर चालतो?" अल्सिदेसनी हळूच विचारलं.

"नाही."

"दोनशेवीसवर?"

"नाही म्हणतोय ना! बाहेर बेचाळीस आहे. दोनशे माणसं आहेत. तिकडच्या दुसऱ्या एसीची लाइनच जळालीय, त्यात आता कबुतरं राहतात. हा एकच जिवंत आहे."

"मग वॉल्ट्झ कशावर नाचणार? टाळ्यांवर?"

एलिहियोच्या डोळ्यांसमोर तोमासाचा चेहरा आला. तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "एका वॉल्ट्झपुरतं. एकच! पाच मिनिटांत लोकांना कळणारही नाही." आणि त्यानं खिशातली पकड चाचपली. एसीवाला लेकीच्या लग्नातही पकडीशिवाय जात नाही.

आता एसीचा प्लग होता भिंतीच्या तळाशी, मानाच्या टेबलामागे. आणि त्या प्लगच्या बरोबर पुढे, मानाच्या खुर्चीत, पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या फिदेन्सियाबाई. एलिहियोची सासू.

"सासूबाई, जरा त्या बाजूला बसता का? तिकडून नवरी छान दिसते."

"तुझ्या लग्नात तू मला खांबामागे बसवलं होतंस, जावईबापू."

"अहो, तो हॉल..."

"खांबामागे. मी खांबाचं लग्न बघितलं. आज मी इथून हलणार नाही."

तेवढ्यात दारात एकच गलका झाला. नवरा-नवरी आली! सगळा हॉल उभा राहून टाळ्या पिटू लागला, आणि त्या गडबडीत एलिहियो टेबलावरच्या लांब कापडाखाली शिरला. आत अंधार आणि बुटांचं जंगल. सासूबाईंच्या टाचा दोन हातोड्यांसारख्या त्याच्या नाकापुढे. त्यानं प्लग उपसला. वर एसीनं एक मोठा सुस्कारा सोडला आणि प्राण सोडला.

एलिहियोनं एसीचा प्लग कापला, राजम्याच्या वायरीचा प्लग कापला, आणि एकाचं मुंडकं दुसऱ्याच्या धडाला लावायला बसला. कापलेल्या तारेचं टोक सासूबाईंच्या घोट्याला लागलं. हातोडा आला! बरोबर कानशिलावर.

"उंदीर!" सासूबाई म्हणाल्या.

"मी आहे," एलिहियो खालून कुजबुजला.

"तेच म्हणतेय."

एवढ्यात तोमासाचे निळे बूट टेबलाशी येऊन थांबले. एलिहियोनं श्वास रोखला.

"आई, हे कुठे आहेत?"

"माझ्या पायाशी."

"आई, थट्टा नको. वॉल्ट्झची वेळ झालीय."

"माझ्या पायाशी आहे म्हणते ना! उभ्या जन्मात पहिल्यांदा."

कापड उचललं गेलं. तोमासाचं डोकं उलटं आत आलं.

"काय करताय?"

"काही नाही. वॉल्ट्झ."

"आणि माझ्या राजम्याची वायर कुणी नेली? राजमा दगड झालाय!"

एलिहियोनं हातातला जोड दाखवला. "हाच वॉल्ट्झ आहे."

तोमासानं त्याच्याकडे बघितलं, वायरीकडे बघितलं, कापलेल्या एसीच्या शेपटीकडे बघितलं. कापड पुन्हा खाली आलं. ते इतकं सावकाश खाली आलं की एलिहियोला वाटलं, आपल्यावर चादर ओढतायत.

हॉलच्या मध्यभागी ब्रिसेइदा आणि तिचा नवरा गास्तोन हातात हात घेऊन उभी होती. पंखे म्हणून लोकांनी कागदी ताटल्या उचलल्या होत्या. कोपऱ्यातला तीन मजली केक एका बाजूला कलायला लागला होता, झोप आलेल्या पाहुण्यासारखा. एलिहियोनं काळ्या पट्टीचा शेवटचा वेढा दिला, वायर पेटीत घातली, आणि दुसरं टोक धरून एसीच्या सॉकेटसमोर गुडघे टेकले. जोड चुकला असेल तर एर्सिलिया इथंच जळणार. रोसारियोहून आणलेली, मावशीच्या नावाची! त्यानं छातीवर क्रूस काढला, डोळे मिटले आणि प्लग खोचला.

धूर आला नाही. दिवा सूर्यासारखा पेटला!

"वाजवा!" एलिहियो ओरडला.

अल्सिदेसनी लोकरी बाह्या सरसावल्या, मान मागे टाकली, डोळे ओले केले आणि कळ दाबली.

आणि एर्सिलिया चौखूर उधळली.

वॉल्ट्झ होता तो, यात शंका नाही. पण कुत्रं मागे लागलेला वॉल्ट्झ! व्हायोलिनं मुंग्यांनी वाजवावीत तशी किणकिणत होती. ढोल तर गरम तव्यावर पडल्यासारखा तडतडत होता. नवरा-नवरी पहिल्या गिरकीला सुंदर फिरली, दुसरीला घाईनं फिरली, आणि तिसरीला गास्तोनचा पाय झग्यात अडकून दोघं पाहुण्यांच्या पहिल्या रांगेपर्यंत घसरत गेली. मोंतेरेची माणसं. यांना गाणं कसं हवं, तर पिठासारखं मळून मळून सैल केलेलं. कुंबियासारखं उडतं नाचगाणंसुद्धा इथं लोक मुद्दाम धीमं करून ऐकतात. असली धावपळ त्यांनी फक्त बस सुटताना पाहिली होती.

"काय करताय, अल्सिदेस?" एलिहियो पेटीमागे येऊन फुत्कारला. "गाडी चुकतेय का कुणाची?"

"मी काही करत नाहीये! ही मोटर पळतेय! तुमची वीज सेकंदाला किती ठोके देते?"

"साठ."

"आमची पन्नास! मोटर त्याच ठोक्यावर चालते. इथं तिला कुणी चाबूक मारल्यासारखं झालंय!"

"मग लगाम घाल की!"

"तू घाल! वीज तुझी आहे!"

अहो-जाहो संपलं होतं. एलिहियोनं पेटीची मागची फळी काढली. आत एक लोखंडी चाक गरगरत होतं आणि एक पट्टा त्याला ओढत होता. चाकाला जरा दाबून धरलं की पट्टा घसरणार आणि वेग उतरणार, एवढं एसीवाल्याला कळत होतं. त्यानं बोट लावलं. बोट पोळलं. रुमाल लावला. रुमाल चाकानं गिळला. तोपर्यंत वॉल्ट्झ संपून गेला होता, आणि लोक टाळ्या वाजवायच्या की पळायचं, या विचारात उभे होते.

"आता नवरी आणि तिचे वडील!" कुणीतरी माइकवरून पुकारलं.

एलिहियोनं सभोवार बघितलं. जवळच्या टेबलावर फडक्याखाली मैद्याच्या पोळ्यांची चवड होती. त्यानं एक उचलली, चार घड्या घातल्या आणि अल्सिदेसच्या हातात कोंबली.

"ही चाकावर धरून ठेव. एका हातानं ही, एका हातानं कळ. जास्त दाबलंस तर बंद पडेल, सोडलंस तर उधळेल."

"पोळी?"

"पोळी! इथं सगळं पोळीनंच उचलतात!"

तो ब्रिसेइदासमोर जाऊन उभा राहिला. काळे, आखडलेले गुडघे, कानशिलावर टाचेचा शिक्का, एका बोटाला फोड. एर्सिलिया एकदा किंचाळली, मग घोगरली, मग... काय सांगावं! मग तिला सूर सापडला. संथ, रुंद, पुराच्या पाण्यासारखा वॉल्ट्झ हॉलभर पसरला. भाजलेल्या पोळीचा वास त्याच्यामागून आला. अल्सिदेस घामाच्या धारांत न्हात, एका हातानं पोळी दाबत, दुसऱ्या हातानं वाजवत होते आणि खरोखर रडत होते. रडत होते की घाम होता, ते त्यांनाच ठाऊक.

"बाबा," ब्रिसेइदा गिरकी घेता घेता कुजबुजली, "एसी?"

"येतोय."

"बाबा, तुम्ही लंगडताय."

"तो पायांचा नवा प्रकार आहे."

"बाबा, आजी म्हणतेय, तुम्ही तिच्या पायाशी होतात."

"होतो." आणि मग त्यालाही राहवलं नाही. "तुला हा नाच हवा होता ना?"

तिनं त्याच्या ओल्याचिंब खांद्यावर डोकं टेकलं, आणि एलिहियोला वाटलं, मूठ उघडली काय, मिटली काय, आज या मुठीत सगळं मोंतेरे आहे. नाच संपला. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. एलिहियोनं छाती फुगवली, माइक घेतला आणि जाहीर केलं, "मंडळी, आता रात्रभर गाणी! माझे व्याही थांबणार नाहीत!"

टाळ्या थांबल्या. हॉल नुसता ताटल्यांनी वारा घेत राहिला. केकचा वरचा मजला खालच्या मजल्यावर उतरायला आला होता. तोमासा खुर्चीवर चढली.

"माझ्या नवऱ्याकडे एकच सॉकेट आहे," ती म्हणाली. "एकतर गाणं चालेल, नाहीतर एसी. ज्यांना एसी हवाय त्यांनी हात वर करा."

दोनशे हात एकदम वर गेले. वाऱ्याची झुळूकच आली! एलिहियोनं आशेनं लेकीकडे बघितलं. नवरीनं दोन्ही हात वर केले होते. "बाबा, नाच झाला ना," ती म्हणाली, "आता वारा!" गास्तोनचा हात वर. एलिहियोनं एर्सिलियाकडे बघितलं. पेटीमागून अल्सिदेसचा लोकरी हात वर आला होता. त्यात जळकी पोळी होती.

एकच हात खाली होता. फिदेन्सियाबाईंचा. पर्सवर घट्ट.

"आईऽ," तोमासा ओरडली, "तुला एसी नको?"

"नको. राहू दे हे असंच."

एलिहियोनं माइक खाली ठेवला. दोनशे माणसांत त्याच्या बाजूनं एक मत, आणि तेही सासूचं! इतक्या वर्षांत त्यानं या बाईला ओळखलंच नव्हतं. गर्दीतून वाट काढत तो तिच्यापाशी गेला, फोड आलेल्या हातानं तिचा हात धरला आणि तिच्यापुढे पुन्हा गुडघे टेकले.

"सासूबाई, तुम्हाला आवडलं ना गाणं?"

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"तो वारा माझ्या मानेत बसतो," त्या म्हणाल्या. "गाणं? कुठलं गाणं?"